कुणाचे पाय जमिनीवर?

मार्क शगालचं 'फेरफटका' हे चित्र तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेलं असणारच, नाव माहीत नसलं तरी. काळ्या सुटातला एक माणूस, म्हणजे शगाल स्वतःच, गावाबाहेर हिरवळीवर उभा आहे, तोंड भरून हसतोय, एक हात सरळ वर केलाय आणि त्या हाताच्या टोकाला त्याची बायको बेला, जांभळट गुलाबी ड्रेसमधली, हवेत, वाऱ्यावर आडव्या झालेल्या झेंड्यासारखी. मागं हिरवी हिरवी घरं, एक फिकट गुलाबी चर्च, खाली कोपऱ्यात फुलाफुलांचं लालभडक कापड अंथरलेलं आणि त्यावर वाइनची सुरई नि ग्लास. हे चित्र लोकांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये असतं, कपांवर असतं, मोबाइलच्या कव्हरवर असतं, आणि खाली ओळ काय तर प्रेम तुम्हाला पंख देतं वगैरे. इतक्या ठिकाणी चिकटवलं की कुठलंही चित्र दिसेनासं होतं, नुसतं ओळखीचं वाटतं.

मला ते पुन्हा दिसायला लागलं नवऱ्यामुळं. मी लॅपटॉपवर उघडून बसले होते, तो मागून डोकावला आणि म्हणाला, "ह्याचा हात दुखत नसेल का गं?"

आता हा प्रश्न तसा अडाणीच. चित्रातल्या माणसाचा हात कसा दुखेल. पण तो डोक्यातून जाईना, कारण लक्षात आलं की आपण सगळे बघतो ते उडणाऱ्या बाईकडं, धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडं कुणी बघत नाही. मी झूम केलं. हात खरोखरच सरळ, ताठ, कोपरात जराही न वाकलेला. आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत एक पाखरू आहे, इतकं छोटं की कपावरच्या प्रिंटमध्ये ते दिसतच नाही.

त्या पाखराबद्दल जाणकार सांगतात ती गोष्ट मला फार आवडते. रशियन लोकांत एक म्हण आहे की आकाशातल्या करकोच्यापेक्षा हातातलं लहानसं पाखरू बरं. आपल्याकडं हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात ना, त्याच जातीची. शहाण्या माणसाने दोनातलं एक निवडायचं असतं आणि ते जवळचं, छोटं, खात्रीचं निवडायचं असतं. शगालच्या एका हातात पाखरूही आहे आणि दुसऱ्या हाताला आकाशातलंही धरलेलं आहे, आणि तो जो हसतोय ना, तो प्रेमात पडलेल्या माणसासारखा नाही हसत, कुणाला तरी चकवून दोन्ही मिळवल्यासारखा हसतोय. म्हणी बनवणाऱ्या तमाम शहाण्यांना वाकुल्या दाखवत.

पण इथंच थांबून मला जरा तक्रार करायचीय. असल्या चित्रांवर लिहिताना लोक एक तक्ता बनवतात, पाखरू म्हणजे अमुक, हिरवा म्हणजे आशा, वाइन म्हणजे आनंद, लाल म्हणजे प्रेम किंवा मग क्रांती (चित्र १९१७-१८ चं, रशियातलं, त्यामुळं क्रांती हाताशीच असते), आणि तक्ता भरला की चित्र समजलं असं समजून पुढं जातात. वस्तूंना अर्थ असतील, नाही कोण म्हणतं, पण चित्रकार वस्तू कुठं ठेवतो आणि किती मोठी ठेवतो यातच त्याचं अर्धं बोलणं झालेलं असतं. ते लाल कापडच घ्या. स्क्रीनवर अंगठा ठेवून ते कापड झाका. बाई वरती एका बाजूला ताणलेली, हात तिकडंच, सगळा ओढा तिकडंच, आणि अख्खं चित्र त्या बाजूला कलंडायला लागतं, वाटतं आता हा माणूस पण जमिनीवरून सुटणार. अंगठा काढा, कापड परत येतं, बसतं. चित्रभर फिके हिरवे, राखाडी, गुलाबी रंग आणि तळाशी, बाईच्या बरोबर विरुद्ध बाजूला एवढासा गडद लाल तुकडा, पण तो तेवढ्या मोठ्या उडणाऱ्या बाईला तोलून धरतो. तरफेचं गणित आहे हे, लांबवर ठेवलेलं छोटं वजन जवळच्या मोठ्या वजनाला पुरतं. दोन्हीकडं सारखं असलं म्हणजेच तोल, असं नसतं.

हे डोक्यात घेऊन मी त्याच काळातली त्यांची बाकीची चित्रं बघत गेले. 'त्यांची' म्हणतेय कारण त्या सगळ्यात तीच दोघं आहेत.

थोडी हकीकत सांगते, नाहीतर गंमत कळणार नाही. शगाल जन्मला १८८७ मध्ये, व्हिटेब्स्क भागात, आज हे शहर बेलारूसमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. ज्यू कुटुंब, बाप हेरिंग माशांच्या वखारीत राबणारा, पिंपं उचलणारा. बेला रोझेनफेल्ड त्याच गावातली, पण तिच्या घरची जडजवाहिराची दुकानं, ती मॉस्कोला जाऊन शिकून आलेली. १९०९ मध्ये दोघं भेटले. मग हा गेला पॅरिसला, चार वर्षं तिथंच, ती इकडं. १९१४ मध्ये बर्लिनला स्वतःचं प्रदर्शन लावून हा थोड्या दिवसांसाठी म्हणून गावी आला, बहिणीचं लग्न होतं आणि अर्थात बेला होती, आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. सीमा बंद. अडकला. २५ जुलै १९१५ ला दोघांचं लग्न झालं, तिच्या घरच्यांना जावई पसंत नसताना. चित्रकार, तोही वखारीतल्या मजुराचा मुलगा, खाणार काय आणि खायला घालणार काय, हा प्रश्न तेव्हाही होताच.

तर लग्नाच्या थोडं आधी, त्याच वर्षी, त्याने 'वाढदिवस' काढलं. ते आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. खोली, लाल जमीन, टेबल, त्यावर केक, भिंतीवर नक्षीचं कापड. बेला काळ्या ड्रेसमध्ये हातात फुलं घेऊन खिडकीकडं निघालीय आणि हा पठ्ठ्या तिच्या डोक्यावर हवेत, मान अशी मागं वळवलेली की माणसाची वळूच शकत नाही, आणि तसा उलटा होऊन तिच्या ओठांवर ओठ टेकवलेत. त्याला हात काढलेलेच नाहीत. म्हणजे इथं उडणारा कोण? तो. हात नाहीत म्हणजे कुणाला धरणं नाही, काही उचलणं नाही, काही जबाबदारी नाही, नुसतं तरंगणं. आणि बेलाचे डोळे टक्क उघडे. फुलं तिच्या हातात. जमीन तिच्या पायाखाली, अगदी टेकलेली नसली तरी तिच्याच बाजूला. पुढं दोनतीन वर्षांत 'फेरफटका' येतं आणि तिथं बरोबर उलटं, ती वर आणि हा खाली, आणि आता ह्याला दोन्ही हात आहेत नि दोन्ही कामाला लागलेत!

१९१७-१८ चंच अजून एक आहे, 'वाइनच्या ग्लाससह दुहेरी पोर्ट्रेट', पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या संग्रहातलं. ते मला ह्या सगळ्यांत सर्वांत जास्त आवडतं आणि ते कुणी कपावर छापत नाही. दोन मीटरच्या वर उंच, अरुंद कॅनव्हास, त्यात पांढऱ्या ड्रेसमधली बेला उभी आणि तिच्या खांद्यावर चक्क नवरा बसलाय. लाल कोट घातलेला, हातात ग्लास उंचावलेला, चढलीय हे उघड आहे, एका हाताने तिचा एक डोळा झाकलाय आणि तोल एका बाजूला जातोय. वर त्याच्या डोक्याशी जांभळा देवदूत उतरतोय, ती त्यांची मुलगी ईडा असं मानतात, तिचा जन्म १९१६ चा. खाली नदी, पूल, गाव. ह्या सगळ्या मनोऱ्याला आधार काय तर एक बाई. आणि ती वाकलेली नाही, घामाघूम नाही, हातात पंखा घेऊन उभी आहे, एका डोळ्याने सरळ समोर बघत.

आणि हे नुसतं कल्पनेतलं नव्हतं. युद्धाच्या काळात ह्याला आघाडीवर जावं लागलं नाही ते कशामुळं, तर राजधानीतल्या एका लष्करी कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून, आणि त्या कचेरीवर बेलाचा भाऊ होता. म्हणजे ज्या सासरला जावई नको होता त्याच सासरच्या माणसाने त्याला खंदकापासून लांब ठेवलं. खांद्यावर बसणं म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

अजून एक राहिलं, 'शहरावरून', त्यात दोघंही एकमेकांना धरून व्हिटेब्स्कच्या छपरांवरून चाललेत, आडवे, निवांत. ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. सगळ्यात रोमँटिक म्हणून त्याचंच नाव घेतात. पण खाली कुंपणापाशी नीट बघा, एक माणूस उघड्यावर परसाकडला बसलाय! पोस्टर विकणारे हा कोपरा कधीकधी कापतात म्हणे, मला तर वाटतं तो माणूस नसता तर ते चित्र फार गोड झालं असतं, तोंडात मिठ्ठ झालं असतं. वर दोघांचं काय चाललंय ते चालू दे, खाली जगाचे विधी थांबत नाहीत.

तर ही चार चित्रं एकापाठोपाठ बघितली की जे दिसतं ते एकट्या 'फेरफटक्या'त दिसत नाही. एकदा तो वर, एकदा ती वर, एकदा तो तिच्या मानगुटीवर, एकदा दोघंही अधांतरी आणि जमिनीवर कुणीच नाही. ती अशा नीट क्रमाने काढलेली नाहीत, 'शहरावरून' तर १९१४ ला सुरू होऊन १८ पर्यंत चाललेलं, त्यामुळं आधी हे मग ते असली कहाणी मी रचत नाहीये. पण 'शहरावरून' सोडलं तर कुठल्याही एका चित्रात दोघांचं ओझं सारखं नाही. एकातही नाही! त्यातलं प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे बघितलं तर एकतर्फी आहे, कुणीतरी फुकट मजा करतंय आणि कुणीतरी धरून उभं आहे. तोल आहे तो चित्रांच्या मधल्या जागेत, म्हणजे पाळी बदलते त्यात.

आणि हे मला एवढं का लागलं त्याचं कारण सरळ आहे, मी हिशेब ठेवणारी बाई आहे. आमच्या लग्नात एक काळ असा गेला की नवऱ्याने बरी चाललेली नोकरी सोडून पुन्हा शिकायचं ठरवलं आणि मी म्हटलं कर, आणि मनापासून म्हटलं, आणि मग घराचे हप्ते, माझी नोकरी, पोराचं आजारपण हे सगळं एका हाताने धरून उभी राहिले, आणि दुसऱ्या हातात काही पाखरूबिखरू नव्हतं. तो रात्री अभ्यास करता करता चमकत्या डोळ्यांनी मला काहीतरी सांगायचा, आज हे कळलं, हे असं असतं बघ, आणि मी ऐकताना मनात मोजत असायचे की आज भांडी कुणी घासली, फी कुणी भरली, डॉक्टरकडं कुणी नेलं. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही 'फेरफटका'च दिसत असणार, हसणारी मी आणि उडणारा तो. हसत मी होतेही. पण हात दुखत होता.

फिफ्टी-फिफ्टी हा शब्द मला तेव्हा फार प्रिय होता. अजूनही त्याला मी वाईट म्हणणार नाही, कारण ज्या घरांत कायम एकच जण धरून उभं असतं आणि दुसऱ्याचे पाय जमिनीला कधी लागतच नाहीत, तिथं हिशेब मांडलाच पाहिजे, तिथं प्रेम बॅलन्स करतं वगैरे सांगणं म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडावर पट्टी लावणं आहे. पण रोजच्या रोज जमा-खर्च जुळला पाहिजे असा हट्ट धरला तर मग कुणालाच उडता येत नाही एवढंच होतं, दोघंही आपले समान उंचीवर, समान थकलेले, जमिनीवर. पुढं पाळी बदलली, मी आजारी पडले तेव्हा सहा-सात महिने घर त्यानेच ओढलं, नंतर मी लिहायला बसले तेव्हाही, आणि गंमत म्हणजे त्या काळाचा हिशेब मी अजिबात ठेवलेला नाही, किती भांडी, किती फिया, काही आठवत नाही. उडणाऱ्याला मोजता येत नाही बहुतेक. मोजायची उसंत धरणाऱ्यालाच असते.

पण एक गोष्ट ह्या चित्रांबाबत खटकत राहतेच आणि ती नजरेआड करून चालणार नाही. ब्रश कुणाच्या हातात आहे? त्याच्या. चारही चित्रांत कोण वर, कोण खाली हे त्याने ठरवलंय. तिच्या खांद्यावर बसलोय हेही त्यानेच रंगवलंय, आणि कबुली देणं एवढं सोपं असतं तर मग काय, बसायचं आणि वर त्याचं छान चित्र काढायचं. तिला विचारलं असतं तर तिने कसं काढलं असतं?

तर तिने लिहिलंय. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, फार उशिरा, पन्नाशीच्या आसपास सुरू केलं. त्याआधी बरीच वर्षं ती त्याची मॉडेल होती, त्याच्या चित्रांची पहिली परीक्षक होती, त्याचं आत्मचरित्र रशियनमधून फ्रेंचमध्ये करणारी होती. तिच्या आठवणींत त्या वाढदिवसाचा प्रसंग आहे आणि तिथं सगळं वेगळंच वजन घेऊन येतं. त्याचा वाढदिवस कधी असतो हे तिने शोधून काढलं, फुलं जमवली, घरातल्या रंगीत शाली, चादरी उचलल्या, खायचं बांधून घेतलं आणि हे सगळं सामान सावरत गावातून त्याच्या खोलीवर गेली, आणि त्या शाली भिंतीवर लावून खोली सजवायला घेतली. हा म्हणाला, हलू नकोस, तशीच थांब, आणि लागला रंगवायला. म्हणजे चित्रात जे भिंतीवर दिसतंय, जे तिच्या हातात दिसतंय, ते तिने वाहून आणलेलं आहे. तो तरंगला त्या आधी कुणीतरी ओझं उचलून चालत आलं होतं. चित्रात ते चालणं नाही, तिच्या लिहिण्यात आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तो प्रसंग पुरा होत नाही. तिची गंमत अशी की ती तक्रार करत नाही. तीही त्यात उडालेलीच आहे, तिच्या लिहिण्यातही दोघं खोलीतून तरंगत निघतात.

१९४१ मध्ये नाझींपासून जीव वाचवून दोघं फ्रान्समधून अमेरिकेला पोचले. १९४४ च्या सप्टेंबरात बेला तिथंच संसर्गाच्या आजाराने गेली. शगालने त्यानंतर कित्येक महिने ब्रश हातात घेतला नाही. मग १९४५ मध्ये स्टुडिओतला आपलाच १९३३ चा एक मोठा कॅनव्हास काढला, मधोमध कापला आणि दोन तुकड्यांची दोन चित्रं केली. त्यातल्या 'तिच्याभोवती' नावाच्या चित्रात मध्यभागी एका गोलात व्हिटेब्स्क आहे, एका बाजूला बेला आणि दुसऱ्या बाजूला पॅलेट घेतलेला चित्रकार, ज्याचं डोकं धडावर उलटं बसलंय. हनुवटी वर, केस खाली. उलटी डोकी त्याने आधीही काढलीत, विशीपासून, तेव्हा ती मजेची होती, पॅरिसची, प्यायलेल्या माणसाची. हे तसं नाही. 'वाढदिवसा'तली अशक्य वळलेली मान आणि ही उलटी मान लागोपाठ बघा, शरीरशास्त्र दोन्हीकडं सारखंच चुकलेलं आहे, फरक एवढाच की तिथं त्या मानेला टेकायला दुसरं तोंड होतं. आणि बेलाचं लिहिलेलं पुस्तकरूपात आलं ते ती गेल्यावर, त्यात रेखाटनं त्याची आणि पुढं फ्रेंच भाषांतर मुलीचं. म्हणजे तिने त्याचं फ्रेंचमध्ये नेलं होतं, आता तिचं न्यायची पाळी इकडची झाली.

मध्यंतरी घराची एक भिंत रंगवली तेव्हा तिथं काय लावायचं यावरून आमच्यात वाद झाला. नवऱ्याला 'फेरफटका'च हवं, प्रसन्न आहे म्हणाला, घरात आल्या आल्या बरं वाटेल. मला ते खांद्यावर बसलेलं हवंय. तो म्हणतो, येणाराजाणारा विचारेल की हे काय, बायकोच्या मानगुटीवर बसलाय, मग मी काय सांगू? मी म्हटलं खरं ते सांग. भिंत अजून रिकामी आहे, खिळा मात्र मारून झालाय.